दीडकी

माझ्या हातात रोज सकाळी एक ओलं फडकं असतं.
फडकं कसलं, वात; बोटभर, सुती,
तापमापकाच्या टोकाला गुंडाळलेली.
पाणी उडतं, पारा उतरतो,
आणि किती उतरला त्यावरून मी ठरवतो
सित्राच्या या आवारात आज
माणसाला घाम येऊन काही उपयोग आहे का.

मी भुसावळचा. ऊन मला सांगू नका.
पण तिकडचं ऊन कोरडं, भांडखोर, तोंडावर बोलणारं,
सावलीत शिरलं की दाराबाहेर थांबणारं.
हे आखातातलं ऊन ओलं. सावलीतही मागोमाग येतं.
मानेवरचा घाम मानेवरच.
हवा म्हणते, जागा नाही, मीच भरलेय.

अकरा चाळीस. झेंडा अजून पिवळा.
कायद्याने काम बंद बारा ते चार,
पण कायदा घड्याळ बघतो, फडकं बघत नाही.
दहाला होता त्याहून पारा दीडने वर.
आणि परातीवर, चाळीस फुटांवर, मोफिजुल
पाईपला टेकून कुणाशी तरी बोलतोय.
त्याच्या शेजारी कुणी नाही.

मी काळा झेंडा चढवला.
क्रेन अर्ध्यात. तीन टन लोखंड हवेत.
पिंटोसाहेब गार केबिनमधून धावत आले,
चष्म्यावर वाफ, मी त्यांना दिसेचना.
"दीड अंशासाठी? वीस मिनिटं कळ निघाली नाही?"

दीड.

नेहेते मास्तर दीडकी म्हणून घ्यायचे.
एके दीड, दुणे तीन, त्रिक साडेचार,
पन्नास पोरांचा एक गळा, डोळे मिटलेले,
अर्थ कुणाच्या गावीही नाही.
मध्येच फूटपट्टी टेबलावर. थांब!
थांबायचं असायचं "एके दीड"वर,
आणि "दुणे" तोंडातून सुटलेलं असायचं.
पाठ करणं सोपं होतं हो.
पाठ झालेलं थांबवता आलं नाही,
वळ त्याचे उठले.

मोफिजुलला खाली आणलं. काखेत बर्फ, मांडीत बर्फ.
डोळे उघडून त्याने मलाच विचारलं,
"बांध फुटला का, दादा?"
त्याचं घर नदीच्या मुखाशी आहे,
गेल्या वर्षी दोनदा पाण्यात होतं.
मी म्हटलं, नाही.
मला काय माहीत.

ॲम्ब्युलन्स हज्जी मक्कीची. तो इथलाच, या बेटावरचा.
म्हणतो, या समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते,
त्याचा बाप पखाल घेऊन बुडी मारायचा
आणि खाऱ्या पाण्याखालून गोडं पाणी भरून आणायचा.
कधी आटले?
"तारीख नाही. रोज थोडे. रोज आम्हाला वाटायचं, आहेत."

पाठीमागे चिमणीवर ज्योत जळतेय, भर दुपारी, कुणालाही नको असलेली.
माझा पगार तिचाच. लेकीची फी तिची,
भुसावळच्या घराचा वरचा मजला, त्यातला एसी, तोही तिचा.
हे लपवून मी झेंडा चढवला तर
तो झेंडा नुसतं कापड.

कुठल्याशा थंडगार सभागृहात
कोटवाल्या माणसांनी दीडचा आकडा लिहून सह्या केल्या म्हणे.
आकडा चुकलेला नाही. मी रोज मोजतो त्याला.
पण वर्ग चालूच आहे. डोळे मिटलेले, सूर लागलेला,
आणि पुढचा शब्द काय
हे न शिकताही सगळ्यांना येतं.

फडकं वाळलं होतं. बाटलीतलं पाणी घालून भिजवलं.
वॉकीटॉकी खरखरला. क्रेनवरचा पोरगा विचारतोय:
लोखंड अर्ध्यात आहे, साहेब,
वर नेऊ, की खाली घेऊ?
पिंटोसाहेब चष्मा पुसतायत.

खाली घे, म्हटलं.
बाराची वाट बघू नको. आत्ता.