साडेसहाशे नॅनोमीटर

गुरामच्या चादरीवर, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे,
दर रविवारी मेलेली यंत्रं मांडलेली असतात.
रेडिओ, इस्त्र्या, कुण्या दंतवैद्याचा मोडका दिवा.
मी डीव्हीडी रायटर उचलला.
"चालत नाही हां," तो म्हणाला.
चालणारा मला नकोच होता.
फक्त एवढंच विचारलं, हा वाचणारा की लिहिणारा?
लिहिणाऱ्याच्याच पोटात असतो तो तांबडा जीव,
तुरीच्या दाण्याएवढा,
तीन पायांवर उभा.

घरी चार स्क्रू काढले.
ट्रेमध्ये एक तबकडी अडकलेली,
वर मार्करने लिहिलेलं: माकाचं लग्न, भाग दोन.
भाग एक कुठे असेल?
गुरामला विचारलं पुढच्या रविवारी.
घर विकलं, म्हणाला, ग्रीसला गेले सगळे.
तबकडी मी खिडकीत ठेवली.
दुपारी छतावर तिचं इंद्रधनुष्य पडतं, भाग दोनचं.

पहिला डायोड स्वेटरने मारला.
लामाराने विणलेला, अस्सल लोकरीचा, तुशेतीच्या मेंढ्यांचा.
मी बाही वर सारली
आणि बोटातून काहीतरी निसटलं,
दिसलं नाही, ऐकू आलं नाही,
डायोडला मात्र कळलं.
दुसरा माझ्या हावरेपणाने गेला.
अजून थोडा करंट, अजून थोडा,
पाहुण्याला वाइनचा आग्रह करावा तसा,
तो नाही म्हणेना, मी थांबेना.

मेलेला लेझर विझत नाही, ही त्यातली गंमत.
तो नुसता दिवा होतो.
पसरट, मवाळ, रेघ विसरलेला.
खोलीभर थोडा थोडा लाल,
कुठेच पुरेसा नाही.
ते दोघे काचेच्या बाटलीत ठेवलेत.
हिशेब केला तर माकाचं लग्न कोरणारा
तो लोकरीने मेलेलाच असणार.

दिवसा मी लिफ्ट दुरुस्त करतो.
आमच्याकडच्या लिफ्टला नाणं टाकावं लागतं,
नाहीतर ती जागची हलत नाही.
नाणी अडकतात, माणसं अडकतात,
मी दोघांनाही बाहेर काढतो.
एका जुन्या दाराची ॲल्युमिनियमची पट्टी मिळाली,
तिच्यातून ठोकळा कापला, कानस मारून भोक पाडलं,
कारण हा जीव एवढासा, पण तापतो फार.

तिसऱ्याच्या वेळी शहाणा झालो.
मनगटाला तार बांधली, तार रेडिएटरच्या नळाला,
आणि बसलो जानेवारीत उघड्या अंगाने,
दावणीला बांधलेल्या बैलासारखा,
हातात डाग देण्याची सळई.
डोळ्यांवर निळसर चष्मा. त्यातून लाल दिसत नाही.
म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप
ते न बघताच जुळवायचं.
भिंग अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे.
मग टेबलापलीकडची काडी आपणहून पेटली.

कुणी हात लावला नव्हता.
मी एकटाच होतो, तरी मागे वळून पाहिलं.
काडीचा धूर सरळ वर चढत होता.
चष्मा किंचित कपाळावर सरकवला, नजर धुरावरच ठेवली,
आणि तिथे, फक्त धुराएवढ्या जागेत,
ती रेघ होती.
धूर सरला, रेघ गेली,
म्हणजे गेली नव्हती.

रात्री बारीहून लामाराचा फोन.
तिच्या म्हातारीला झोपवून झालं की ती करते,
स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात.
मी फोन भिंतीकडे फिरवला.
बघ, म्हटलं, चार महिने लागले.
ती बराच वेळ बघत राहिली.
"पांढरा ठिपका आहे," म्हणाली.
अगं लाल आहे. लालभडक.
"मला पांढराच दिसतोय, ओतार."
कॅमेऱ्याला इतकं लाल झेपत नाही,
हे मी तिला समजावणार होतो,
कसं एका मर्यादेपुढे सगळंच पांढरं होतं.
तेवढ्यात फोन माझ्याकडे वळला असावा.
"कपडे कुठे आहेत तुझे?
तिकडे थंडी नाही का?
मी स्वेटर कशाला विणलाय?"