थांबा क्रमांक सात

मंगळवारची संध्याकाळ, अग्निशमन केंद्रामागची खोली,
आम्ही अकरा जण, बुटांना वितळत्या बर्फाचा चिखल.
मार्लिस ब्रेक्केबाईंनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.
नेऊन बसवलं कुरणापलीकडच्या नाल्याकाठी,
अर्धा तास, तोंड मिटून.
"नावं नंतर," म्हणाल्या,
"नाव कळलं की माणूस बघायचा थांबतो."

उत्तर विस्कॉन्सिनच्या ह्याच रस्त्यांवर
चाळीस वर्षं मी दुधाचा टँकर हाकला.
काच वर. रेडिओ चालू.
बेडूक म्हणजे ओल्या रात्री चाकाखाली येणारं काहीतरी,
एवढीच ओळख.

सहाव्या मंगळवारी कळलं:
रानबेडूक बदकासारखा कुरबुरतो,
बिबट्या बेडूक म्हणजे ओल्या फुग्यावर घासलेलं बोट,
हिरवा, सैल तारेला एकच टिचकी मारून गप्प.
आणि पीपर, पेराएवढा जीव,
त्याचा आवाज बाईंनी ध्वनिफितीवर लावला.
दहा चेहरे उजळले.
मी चेहरेच पाहत राहिलो.
मला हीटरची घरघर ऐकू येत होती.

पंप आणि इंजिनाच्या शेजारी बसून बसून
कानांनी वरचे सूर कधी टाकून दिले,
मला विचारलंही नाही.

तास संपल्यावर नोंदीची पाटी टेबलावर परत ठेवली.
बाईंनी ती न बघता माझ्याच हातात दिली.
"नकाशातला निम्मा रस्ता चुकीचा आहे, लॉइड.
मोऱ्या कुठे आहेत ते कोणाला ठाऊक?"

म्हणून काइंग वांग. वय बारा.
मावशीबरोबर येते, घरी एकटी कशी ठेवायची म्हणून.
प्रमाणपत्र मिळायला सहा वर्षं कमी,
कान मात्र मांजराचे.
मावशी चीजच्या कारखान्यातली पाळी संपवून
मागच्या सीटवर झोपते.

दहा थांबे. इंजिन बंद.
मिनिटभर काहीच नाही, मग पाच मिनिटं ऐकायचं.
एक बोट: आवाज वेगवेगळे, मोजता येतात.
दोन: एकमेकांवर चढलेले.
तीन: मोजणं सोडा, सगळं तळंच ओरडतंय.
ती अंधारात बोटं वर करते,
मी पेन्सिलीने लिहितो. पेन थंडीत गोठतं.

चौथ्या थांब्यावर तीन बोटं वर, आणि ती हसत सुटली.
"तुम्हाला खरंच काही नाही येत?"
नाही म्हणालो.
तिने केसांतला कंगवा काढला, माझ्या जबड्यावर टेकवला,
आणि दातांवरून नख ओढलं, सावकाश, खालून वर.
"कोरस बेडूक असा.
आता असे शंभर."
हाडातून कुणी चढत गेलं.
डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने, असं सांगितलं.

सातवा थांबा.
मोरी मला माहीत होती, दगड न् दगड.
काइंगने बराच वेळ कान दिला,
मग मूठ वर केली.

"अजून थोडं थांबूया का?"
"नियम पाच मिनिटांचा आहे."

त्र्याऐंशीचा ऑगस्ट. कारखान्याने नाकारलेलं आंबट दूध,
अख्खा टँकर,
मी इथेच सोडला होता. रात्री, दिवे मालवून.
सकाळी नाला पांढरा होता म्हणे.
मी दुसऱ्या रस्त्याने गेलो.

त्यामुळेच असेल असं नाही.
चाळीस वर्षांत शेतातले चर खणले, फवारे आले,
बाई सांगतील हजार कारणं.
शून्यही लिहायचं असतं, हे पहिल्याच तासाला शिकवलंय:
कोरा रकाना म्हणजे कुणी आलंच नव्हतं.

शून्य लिहिलं. तापमान सात. वारा मंद.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिल टेकवली,
आणि टोक मोडलं. काइंगने तिची दिली.
लिहिलं: दूध, ८३.

"म्हणजे?"
"रस्त्यात सांगतो."

मागे मावशी जागी झाली,
किती राहिले, विचारू लागली.
तीन, म्हणाली काइंग, आणि काच खाली केली.