वजरी

आमच्या न्हाणीत, म्हणजे आता
करावे गावाशेजारच्या टॉवरमधल्या अकराव्या मजल्यावर,
नळाखाली एक वजरी आहे.
करडी, भोकाभोकांची, आत्याच्या टाचेनं झिजवलेली.
खापरपणजा जोमा मढवी, आगरावर फावडं मारणारा,
त्याला ती उघाडीच्या तोंडाशी सापडली, भरतीच्या फेसात.
"दगर तरतंय पान्यावं!" म्हणत तो बांधावरून पळाला
आणि लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायला जमले.

रामाचा दगड म्हणून कुणी कुंकू लावलं.
मग कुठल्याशा साली
देव्हाऱ्यातून तो न्हाणीत आला.
कसा, ते घरात कुणी सांगत नाही.

परवा तेजलनं शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं,
"काका, क्राकाटोआ कुठे आहे?"
मी नकाशावर बोट ठेवलं: जावा, सुमात्रा, मधे जराशी फट.
सन अठराशे त्र्याऐंशी. डोंगर फुटला
आणि त्याची धूळ कितीतरी महिने
जगाच्या मावळतीत राहिली.

त्र्याऐंशी.
आगराच्या मेहत्याच्या वहीतलं एक पान आमच्याकडे आहे,
वाळवीनं कडा खाल्लेलं:
*शके अठराशे पाच, मार्गशीर्ष.
कोंड्यांत पाणी घेतले. सांजेस आभाळ पेटते.
काल शहाबाजेस आग समजोन माणसे घागरी घेऊन धावली.
आग नव्हती.
जोमा मढवी, खाडा एक.*

परतताना ती माणसं काय बोलली, वहीत नाही.
भरलेल्या घागरी कुठे ओतल्या, तेही नाही.

सन जुळतो. बाकी काही सिद्ध करता येत नाही.
दगडाच्या पाठीवर गावाचं नाव नसतं.

डोंगर तर आमच्याकडेही फुटला.
उलव्याचा. विमानतळासाठी, सुरुंग लावून, वेळापत्रकानं.
आधी भोंगा, मग खिडकीच्या काचा,
मग आत्याचं, "झालं, आजचं झालं."
त्याची धूळ कुठवर गेली असेल?
कुठल्या किनाऱ्यावर, कुणाच्या वहीत
आपल्यापायी कुणाचा खाडा पडला असेल?

तेजलनं बादली भरली. वजरी सोडली.
बुडाली नाही.
एका अंगावर कलून, हळूच फिरत
कडेला जाऊन टेकली.
बाहेरून आत्या ओरडली,
"पानी फुकट घालवू नका रे,
दोनच तास येतंय."