नमुना क्रमांक एकोणीस

सर लोक म्हणतात अवक्षेप.
मी म्हणतो साका.
सव्वीस वर्षं अहमदपूरच्या या प्रयोगशाळेत
साका माझ्याच हातानं धुतला जातो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाटल्या भरणारा मी.
कुठल्या नंबरात काय, ते वहीत; वही कपाटात;
किल्ली करगोट्याला.
पोरं म्हणतात, "दस्तगीरमामू, नुसता इशारा करा."
मी म्हणतो, नळीला विचारा.

त्या वर्षी एका बरणीची चिठ्ठी कसरीनं खाल्ली होती.
एकोणीस नंबर भरून झाल्यावर ध्यानात आलं.
बिडवे सर पाचच्या गाडीनं लातूरला गेलेले.
समोर पाण्यासारखं पाणी,
ना रंग, ना वास.
दुसऱ्यांच्या नळ्या बघण्यात जन्म गेला,
त्या रात्री पहिल्यांदा स्वतःची धरली.

सौम्य आम्ल टाकलं.
शिसं असतं तर दूध नासल्यागत झालं असतं. नाही झालं.
किपचा कॉक सोडला, सडक्या अंड्यांचा वास पार गेटपर्यंत;
तांबं असतं तर काजळ धरलं असतं.
निवळ.
अमोनिया. लोखंडाचा गेरू नाही.
तुरटीतला तो पेजेसारखा, उजेडात धरल्याशिवाय न दिसणारा,
तोही नाही.
पुन्हा वायू, पुन्हा निवळ.
कार्बोनेट टाकून ऊन केलं.
निवळ.

पाच वेळा "काही नाही" लिहायला छाती लागते.
पोरं तिसऱ्यालाच घाबरतात
आणि नसलेलं पांढरं बघतात.

उरलं फॉस्फेट. टाकलं, वाट बघितली.
नांदेडच्या रस्त्यावर एक ट्रक गेला, मग दुसरा.
मग आठवलं, रिटायर झालेले धानोरकर सर
काचकांडीनं नळीला आतून ओरखडे काढायचे.
काढले.
आणि ओरखड्यावर, बरोब्बर त्या रेघेवरच,
कण येऊन बसायला लागले,
पिठीसाखरेहून बारीक.
वहीत लिहिलं: एकोणीस, मॅग्नेशियम.
खाली सही केली. सहीची काही गरज नव्हती.

सकाळी एकोणीस नंबर शिवकांता केंद्रेला आला.
किनगावची पोर, ओढणी कमरेला खोचलेली.
बाकीच्यांचं बारालाच आटोपलं,
कुणाचं निळं, कुणाचं पिवळं, कुणाचं काळंकुट्ट.
ती तीनपर्यंत उभी.
तिनं लिहिलं, कॅल्शियम.

सर वहीत बघून म्हणाले, चूक.
ती म्हणाली, "साका आलाय सर. पाचव्या गटात."
आलाच होता. थोडका, पांढरा, तळाला बसलेला.
पुढं काही बोलली नाही,
नळी तेवढी धरून राहिली.

तेव्हा माझ्याही पोटात काहीतरी तळाला बसलं.

डिस्टिलच्या यंत्राची कॉइल मंगळवारीच जळालेली.
राहिली होती अर्धी बाटली;
ती मी रात्री माझ्या एकोणीसवर संपवली.
सकाळी सगळ्यांच्या टेबलावर
बोअरचं पाणी भरून ठेवलं, मीच.
बाकीची पोरं वरच्या गटांतच थांबली,
त्यांना जे पाहिजे ते तिथंच सापडलं.
पाण्यापर्यंत कुणी पोचलं नाही.
ही पोचली.

"सर," म्हणालो, "पोरीनं बरोबर शोधलंय.
ते बाटलीतलं नाही,
आपल्या गावातलं आहे."

सरांनी नळी खिडकीकडं धरली.
माझ्याकडं बघितलं नाही, तिच्याकडंही नाही.
मार्क किती दिले ते माझ्या वहीत नसतं.

माझी त्या रात्रीची नळी मात्र अजून धुतली नाही.
कपाटात आहे, ओरखड्यासकट.

घरी चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो.
खुर्शीद राखेनं घासायला घेते.
मी म्हणतो, थांब गं जरा,
बघू दे.