तेरा मिनिटं

एल आल्तोला आले तेव्हा सामानात
दोन चादरी, नर्सचे तीन गणवेश
आणि बाबांचं सात मिनिटांचं अंडं.

म्हणजे अंडं नव्हे, नुसती मिनिटं.
बाबा मामोरे नदीवर तराफा चालवायचे,
ट्रक, गुरं, लग्नाची वऱ्हाडं या काठावरून त्या काठाला.
स्वयंपाकातलं त्यांना एवढंच यायचं
आणि ते कधी चुकलं नाही.
पाणी खळखळू द्यायचं, मग पळीने अंडं सोडायचं.
टाकायचं नाही. सोडायचं.
झोपलेलं मूल खाली ठेवावं, तसं.
आणि घड्याळाकडे बघत उभं राहायचं,
या वेळात दुसरं काहीही करायचं नाही.
सातव्या मिनिटाला बलक असा व्हायचा
की वाहायचा नाही आणि अडायचाही नाही.

इथे पहिल्या सकाळी, रात्रपाळी करून,
बूट न काढताच भांडं चढवलं.
पाणी बघता बघता उकळलं.
वाटलं, गॅस चांगला आहे.
सात मिनिटांनी टवका काढला
तर पांढरं शेंबडासारखं हललं.

दुसऱ्या दिवशी अंडीवालीशी भांडले.
तिसऱ्या दिवशी सिलिंडरवाल्याशी,
तो पान्याने पिवळी टाकी बडवत गल्लीतून चालला होता.
म्हणाला, बाई, आग तीच असते हो सगळीकडे.

खालच्या मजल्यावरची दोन्या सातुर्निना
धापा न टाकता जिना चढून आली
(मी अजून टाकत होते),
भांड्यात डोकावली आणि हसली.
"इथलं पाणी उतावळं, पोरी.
उकळतं आधी, तापतं कमी.
चार हजार मीटरवर वरून दाबायला हवाच कुठे आहे?
म्हणून उड्या मारतं.
बुडबुड्यांवर जाऊ नकोस."

उथळ पाण्याला खळखळाट फार, हे माहीत होतं.
उंच पाण्यालाही असतो, हे त्या दिवशी कळलं.

तेरा मिनिटं, ती म्हणाली, आणि झाकण ठेव.
आजचं अंडं आज उकडू नकोस,
आठवडाभर पडू दे, मग सालाचा हट्ट जातो.

दुपारी गारा पडल्या.
खिडकीच्या कठड्यावरून ओंजळभर उचलल्या,
वाडग्यात घातल्या, त्यात अंडी.
साल निघालं, जवळजवळ एकाच तुकड्यात.
लोकोतो मिरचीच्या चटणीशी मी तीन खाल्ली, उभ्यानेच.

बाबांना सांगितलं नाही.
दर रविवारी फोनवर विचारायचे,
"अंडं खातेस ना? सात?"
"सात," मी म्हणायचे.

चार वर्षांनी त्यांच्या मोतीबिंदूसाठी त्रिनिदादला गेले.
तिथला घाम मी विसरले होते.
ते ओसरीत झोळीत, एका डोळ्यावर पट्टी.
मी आत भांडं चढवलं,
पाण्याने फार वेळ घेतला उकळायला,
मला वाटलं, गॅस संपत आलाय.

"झाली सात," ओसरीतून आवाज आला.
घड्याळ दिसत नव्हतं, मनातच मोजत होते.
मला ऐकू आलं.
हाताला आलं नाही. त्याने झाकण तसंच ठेवलं.
"झाली की गं."

तेराव्या मिनिटाला सोललेलं अंडं
त्यांनी चांगल्या डोळ्याजवळ नेलं.
बलकाभोवती हिरवट करडं कडं,
पांढरं रबरासारखं, वास काडी विझल्यासारखा.

"हे कुठलं गं?"
"वरचं."

नखाने त्यांनी ते कडं खरवडलं,
बोट झोळीला पुसलं,
मीठ मागून घेतलं आणि सगळं खाल्लं.
नदीवर दुसऱ्या कुणाचा तरी तराफा भोंगा वाजवत होता.

"किती?"
"तेरा."

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग दुसरं अंडं उचललं, कानाशी नेऊन हलवलं.
"एवढं थांबावं लागतं तिथे?"