पाठभेद

वाल्दिव्हियात, नदीच्या काठी, वरच्या मजल्यावरची खोली.
खाली मासळीबाजार, फेकलेल्या मुंड्यांची वाट पाहत
लोळणारे समुद्रसिंह.
वर सात डॉक्टर, एक लाकडाची शेगडी,
आणि कोपऱ्यात ओब्दुलिया कार्कामो,
इतिवृत्त टाइप करायला, रोजावर.

काम म्हटलं तर साधं.
पाठ धरणाऱ्या एका दुखण्याला
स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्या देशांनी
एकाच नावाने हाक मारायची.
भाषा एक, पण पाठभेद फार.
ओआहाकाची पोथी निराळी, सेव्हियाची निराळी,
रोगी मात्र तोच,
रात्री तीनला कूस बदलताना
दोन्ही हातांनी स्वतःला उचलणारा.

'एस्पोंदिलोआर्त्रोपातिया' की 'एस्पोंदिलोआर्त्रितिस'?
नुसत्या शेपटीवर पहिला दिवस गेला.
'पातिया'त नुसता बिघाड, 'इतिस'मध्ये दाह आहे,
लिमाचे उगार्तेचे म्हणाले,
आणि दाहाच्या बाजूने पाच हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा.
प्रश्नावलीत विचारायचं : किती मिनिटं?
ला पासची डॉक्टर चोकेवांका हसली.
"माझ्याकडच्या बायकांचं दुखतं आयमारात,
सांगतात स्पॅनिशमध्ये.
मिनिटं नाही सांगत. म्हणतात,
लामांना कुरणावर सोडायला जाते तेव्हा मी दगड असते,
परत येते तेव्हा बाई."
सभेने टिपलं : तीस मिनिटांहून अधिक.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली की
ओब्दुलिया भिंतीला पाठ लावून उभी राहते.
टाचा टेकतात. कुल्ले टेकतात. डोकं टेकत नाही.
मधल्या फटीत ती आपली बोटं घालते.
गेल्या वर्षी तीन मावायची, आता चार.
मग पाव खाते, उभ्यानेच.

कुणी हाक मारली तर ती मान वळवत नाही,
खुर्चीसकट वळते.
खोलीत पाठीचे सात जाणकार,
आणि सातांचीही तिच्याकडे पाठ.

तिसऱ्या दिवशी अडलं ते एवढ्याशा शब्दावर.
दुखणं मध्येच उसळतं, त्याला काय म्हणायचं?
'क्रिसिस' बँकेसारखं वाटतं म्हणून पडलं.
'रेकाइदा'त सगळा दोष रोग्याचा,
जणू तोच पाय घसरून पडला.
उरलं 'ब्रोते'.
"पण ब्रोते म्हणजे कोंबही,"
ओव्हिएदोचे म्हातारे किरोस अडून बसले,
"माझ्या सफरचंदाला एप्रिलात फुटतो तो.
रोग्याला वाटेल, काही चांगलं उगवतंय."
"उगवतंच की," चोकेवांका म्हणाली, "हाडावर हाड."
शेगडीत एक ओंडका तडकला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

ओब्दुलियाची बोटं थांबली होती.
ती मूळची चिलोए बेटावरची. तिथे ओल कधी सुटत नाही,
लाकडी दारं फुगतात, चौकटीत अडकतात,
खांदा लावला तरी हलत नाहीत.
म्हणून एलिसेओ सकाळी विचारतो, "दार फुगलंय का?"
तिने हो म्हटलं तर त्या दिवशी
तिचे मोजे तो चढवतो.

शब्द ओठांपर्यंत आला.
मसुद्यात सूचनांसाठी रकाना होता,
पण तो सदस्यांचा.
चार विरुद्ध तीन. ब्रोते मंजूर.
तिने ते स्वच्छ टाइप केलं, सात प्रती काढल्या,
पिना मारल्या.
उगार्तेचे जाताना म्हणाले, फार नीटस काम आहे तुमचं.
ती अख्खी वळून आभार मानेपर्यंत
ते जिना उतरले होते.

रात्री घरी ती कोट न काढताच बसली.
"आजपासून त्याला ब्रोते म्हणायचं," म्हणाली,
"इथून पार मेक्सिकोपर्यंत. मीच टाइप केलं."
"बरं," एलिसेओ म्हणाला,
आणि गुडघ्यांवर बसून
तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.
"आणि दार?"

"फुगलंय."