निव्वळ

वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक लागली
की नववी ब चा फळा पिवळा होतो.
मी ‘बल’ लिहितो, धूळ त्यावर बसते.
डस्टर झटकावं तर शिंका.

तिसऱ्या बाकावरून आम्रपाली विचारते,
“सर, बल कळलं. निव्वळ बल मंजी?”

माझे वडील मापाडी होते.
काट्यावर पोतं चढलं की गल्लीभर ऐकू जायचं :
एकावन्न! बारदान वजा, निव्वळ पन्नास!
माझं भौतिकशास्त्र तिथलं.

घे, तुझ्या पप्पांचाच हातगाडा घे.
आठ पोती, चारशे किलो. गाडा शंभर.
पप्पा लावतात दोनशे वीस न्यूटन,
शेजारी मौलाचाचा, एकशे ऐंशी.
आणि बेअरिंगमधला गंज, रस्त्यावरची खडी, कललेलं चाक
यांचं मिळून बारदान
तीनशे पन्नास.
वजा कर.
पन्नास उरले ना? भाग पाचशेनं.

शून्य दशांश एक.

वर्ग हसतो.
दोन माणसांचे चारशे,
आणि दर सेकंदाला वाढणारा वेग
वीतभरसुद्धा नाही!

ती हसत नाही.
“एकदा चाल धरली की पप्पा तेवढ्याच चालीनं नेतेत,
पार काट्यापर्यंत. तवा त्वरण?”
शून्य.
“निव्वळ बल?”
तेही शून्य.
“अन् ढकलतेत ते?”

मी खडू तीनशे पन्नासवर ठेवतो.
तो तिथंच मोडतो.

“मंजी समदं बारदानातच जातंय,” ती म्हणते,
वही मिटते,
आणि पुढचा तास खिडकीबाहेर बघते.
मी ओरडत नाही.

सोमवारी वही आली.
गणित मी दिलेलं नव्हतं.
चारशे वजा अडीचशे. दीडशे.
भागिले पाचशे. शून्य दशांश तीन.
खाली ओळ :
‘गफारभाईच्या गॅरेजातून ग्रीस आनलं.
चाक उतरवून रॉकेलनं धुतलं.
शंभर मी अंदाजानं कमी केले.
पप्पा म्हनले, गाडा पुढं पळतोय, मीच मागं राहतोय.’

समासात काळा, तेलकट अंगठा.

तीन पट, मी मनात मोजलं.
दोघांचा जोर तेवढाच,
पोती तेवढीच.

उत्तरापुढं एकक मात्र लिहिलेलं नव्हतं.
लाल पेन बराच वेळ
त्या अंगठ्याच्या कडेकडेनं फिरत राहिला.

अर्धा गुण कापला.
मापाड्याचा पोरगा आहे मी.